भावे–सुकथनकर यांचे सिनेमे एकत्र दाखवायचे तर

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या सिनेमांचं सिंहावलोकन करायचं आहे, हाताशी चार दिवस आहेत, तर कोणते सिनेमे घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने लावावेत? सोबत एक शंकाही आहे. एका सिनेमात स्किझोफ्रेनिया, दुसऱ्यात अल्झायमर, तिसऱ्यात कोड, चौथ्यात नैराश्य, असं ओळीनं लावलं तर मुलं आरोग्य खात्याचा सप्ताह समजून पाठ फिरवतील का?

फिल्म सोसायटीसाठी सिनेमे निवडण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे आधी शंकेचंच उत्तर देतो. पोस्टरवर विषय छापलात तर नक्की पाठ फिरवतील. तेव्हा विषय छापू नका. सिनेमाचं नाव, साल, नटमंडळी आणि वेळ, एवढं पुरे. हा निव्वळ जाहिरातीतला शहाणपणा नाही. या सिनेमांना आजारांच्या नावानं ओळखायची आपल्याला सवय लागली आहे आणि त्या सवयीनं त्यांचं नुकसान केलं आहे. ‘देवराई’च्या मागे पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी होती, ही गोष्ट खरीच. पण सिनेमा ज्या निमित्तानं उभा राहतो ते निमित्त वेगळं आणि त्याच्या पोटात जे असतं ते वेगळं. भाव्यांच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या सिनेमात कॅमेऱ्याचं खरं लक्ष आजारी माणसापेक्षा त्याचं करणाऱ्या माणसावर असतं. कोण करतं, किती दिवस करतं, करता करता कुठे चिडतं आणि चिडल्यावर पुन्हा कसं करायला लागतं. एवढा एक धागा हातात धरलात तर निवड आणि क्रम दोन्ही सोपे होतात.

हा धागा आला कुठून, ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. भावे (१९४३–२०२१) सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेल्या नव्हत्या. त्या समाजशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या; कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवलं. ऐंशीच्या दशकात ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात वस्तीतल्या बायकांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आपण लिहिलेला अहवाल या बायकांपर्यंत पोहोचणारच नाही, कारण त्यांच्यापैकी बहुतेकींना वाचता येत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनाच कळणार नसेल तर उपयोग काय? त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला आणि पाठोपाठ १९८७ मध्ये गावातल्या बायकांनी पाण्यासाठी केलेल्या धडपडीवरचा ‘पाणी’. सुकथनकर तेव्हा अगदी तरुण होते. ते आधी सहायक म्हणून आले, पुढे पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत रीतसर दिग्दर्शन शिकले आणि मग दोघांनी ‘विचित्र निर्मिती’ या आपल्या निर्मितीसंस्थेच्या नावाखाली तीन दशकं एकत्र काम केलं. पटकथा-संवाद भाव्यांचे, गाणी बहुतेकदा सुकथनकरांची, दिग्दर्शन दोघांचं. घरातली भांडीकुंडी, पडदे, नेसणं-घालणं याकडे भावे स्वतः लक्ष द्यायच्या. त्यांच्या सिनेमातली स्वयंपाकघरं एकदा नीट बघा. तिथे कुणीतरी सकाळी खरोखर चहा केलाय असं वाटतं. मराठी सिनेमात हे दिसतं तेवढं सहजासहजी मिळत नाही.

मुलाखती घेणाऱ्या संशोधकाची एक सवय या सिनेमांत शेवटपर्यंत टिकली: समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. त्याचा फायदाही झाला आणि तोटाही. तोट्याकडे पुढे येतो.

आता निवड.

पहिल्या दिवशी ‘अस्तु’ लावा. सालाप्रमाणे जायचा मोह होईल, पण कॉलेजच्या सभागृहात पहिल्या संध्याकाळी बसलेला मुलगा दुसऱ्या दिवशी परत येणार की नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. ‘अस्तु’ (२०१३) त्याला धरून ठेवतो. संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे मोहन आगाशे, स्मृती हरवत चालले आहेत. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीतून घेऊन निघते आणि वाटेत कामासाठी गाडी थांबवते. तेवढ्यात रस्त्यानं एक हत्ती जातो. म्हातारा गाडीतून उतरतो आणि लहान मुलासारखा हत्तीच्या मागे चालू लागतो. इथून सिनेमाला दोन वाटा फुटतात. एका वाटेवर इराची शोधाशोध, पोलीस, नवरा, बहीण, जुने हिशेब. दुसऱ्या वाटेवर माहुताचं फाटकं बिऱ्हाड आणि त्याची बायको चन्नम्मा.

चन्नम्मा म्हणजे अमृता सुभाष. या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि याच सिनेमाच्या संवादांसाठी भाव्यांनाही. मुलांना एवढंच सांगा, की चन्नम्माचे हात बघा. ती कन्नड बोलते, शास्त्रीबुवा काय बरळतात ते तिला कळत नाही, त्यांची विद्वत्ता तिच्या गावीही नाही. तिच्या लेखी हा एक भुकेला, घाबरलेला, कपडे खराब झालेला जीव आहे. ती त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळते आणि तो तिला आई म्हणू लागतो. इराला वडिलांचं सगळं माहीत आहे, म्हणून तिला करणं जड जातं. तिच्यासमोर जो माणूस आहे त्याच्या जागी तिला सतत तो जुना माणूस दिसत राहतो. चन्नम्माला काहीच माहीत नाही, म्हणून ती सहज करते. सिनेमा यातल्या कुणालाही चूक ठरवत नाही. चर्चेत कुणीतरी हमखास ‘मुलीनं बापाला गाडीत एकटं सोडायलाच नको होतं’ म्हणेल. म्हणू द्या. घरात असा म्हातारा असलेलं कुणी ना कुणी सभागृहात असतंच आणि उत्तर तेच देतं.

आगाशे पेशानं मनोविकारतज्ज्ञ. ‘देवराई’त ते डॉक्टर होते, इथे रोगी. दोन्ही सिनेमे एकाच आठवड्यात पाहणाऱ्याला ही अदलाबदल खूप काही सांगून जाते. त्यांनी पुढे ‘अस्तु’ आणि ‘कासव’ गावोगावी नेले, सिनेमानंतर प्रेक्षकांशी गप्पा मारल्या. तेही या कामाचाच भाग होता, कारण ‘अस्तु’ तयार झाला २०१३ मध्ये आणि नेहमीच्या चित्रपटगृहांत आला २०१६ मध्ये. स्वतंत्रपणे सिनेमा करणं म्हणजे काय, असं मुलांनी विचारलं तर मधली ही तीन वर्षं दाखवा. सिनेमा करणं एक वेळ जमतं. तो बघायला माणूस आणणं हे दुसरं काम असतं आणि त्यासाठी कुणी पैसे देत नाही.

दुसऱ्या दिवशी आधी ‘बाई’ किंवा ‘पाणी’, जो मिळेल तो, आणि त्याला लागून ‘दोघी’ (१९९५). हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. गौरी आणि कृष्णा या दोन बहिणी. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच अपघातात नवरदेव दारी येण्याआधी जातो. वडील अंथरुणाला खिळतात. ‘पांढऱ्या पायाची’ ठरलेल्या थोरलीला मामाच्या सल्ल्यानं मुंबईला पाठवलं जातं आणि तिथून येणाऱ्या पैशांवर घर उभं राहतं. पैसे कुठून येतात ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. मग कृष्णाचं लग्न ठरतं, थोरली घरी येते आणि जिच्या कमाईवर मांडव पडला तिलाच आई मांडवापासून लांब ठेवते.

ही आई उत्तरा बावकर यांनी केली आहे आणि मला विचाराल तर भाव्यांच्या सगळ्या सिनेमांतलं सर्वांत अवघड काम हेच. पैसे घेणारी, मुलीवर जीव असलेली आणि तिचा विटाळ मानणारी, अशा तिन्ही बायका एकाच चेहऱ्यावर आहेत. बावकर रडून सहानुभूती मागत नाहीत. चेहरा घट्ट मिटून घेतात आणि आपण त्या मिटलेल्या चेहऱ्याकडे बघत राहतो. सदाशिव अमरापूरकरांचा मामाही नेहमीचा खलनायक नाही. आपण बहिणीच्या घरावर उपकारच करतोय अशी त्याची खात्री आहे आणि ते जास्त भयंकर वाटतं. दुसऱ्या कुठल्याही मराठी सिनेमात गौरी शेवटी विहीर जवळ करते. इथे गावातला एक माणूस तिच्याशी लग्न करायला पुढे येतो. हा शेवट काहींना गोड वाटतो. मला तो त्या काळात धाडसाचा वाटला होता, आजही वाटतो, कारण पतित बाईला मारून टाकणं ही लेखकाची सर्वांत सोपी सोय असते.

‘दोघी’ एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) आणि दूरदर्शनच्या पैशातून झाला. त्यामुळे हक्कांसाठी एनएफडीसीकडेच विचारणा करा. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही एनएफडीसीत विलीन झाल्यानं आता पत्र एकाच ठिकाणी जातं. ही कामं महिनाभर आधी सुरू करा. आणि ओटीटीवर पैसे भरलेत म्हणून तो सिनेमा सभागृहात लावता येतो असं मानू नका. तो हक्क वेगळा असतो, वेगळा मागावा लागतो.

तिसरा दिवस माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. सकाळी ‘देवराई’ (२००४), संध्याकाळी ‘कासव’ (२०१६). एकाच दिवशी, एकामागोमाग. बारा वर्षांत दिग्दर्शकांच्या हाताला काय वळण लागलं ते याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

‘देवराई’त अतुल कुलकर्णीचा शेष आहे. कोकणातल्या आपल्या गावच्या देवराईनं तो झपाटलेला आहे. जंगल तुटतंय आणि सोबत त्याचं मनही. सिनेमा आपल्याला शेषच्या डोक्यात नेतो. त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं, त्याला ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. सोनाली कुलकर्णीची सीना, म्हणजे शेषची बहीण, त्याला आपल्या घरी आणते आणि मग तिचा संसार, नवरा, शेजारपाजार सगळंच त्या आजाराच्या हिशेबानं हलवावं लागतं. बहीण भावाचं करतेय आणि नवरा बहिणीला सांभाळून घेतोय अशी ती साखळी आहे. अतुल कुलकर्णीचं काम अव्वल आहे, सगळे त्याचंच बोलतात. मला मात्र सीनाचा थकवा जास्त लक्षात राहिला.

पण ‘देवराई’ला समजावून सांगायची घाई आहे. डॉक्टर आले की सिनेमा थोडा वर्ग भरवतो. २००४ साली मराठी घरांत या आजाराचं नावही उच्चारलं जात नव्हतं, तेव्हा त्याची गरज होती हे मान्य. तरी आज बघताना ते प्रसंग जड जातात.

आता संध्याकाळचा ‘कासव’ बघा. आलोक राजवाडेनं केलेला तरुण मुलगा जगणं नकोसं होऊन भटकतोय. तापानं फणफणलेला तो जानकीला (इरावती हर्षे) सापडतो. ती त्याला कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी घेऊन जाते. तो नाव सांगत नाही, ती विचारत नाही. त्याला काय झालंय, कशामुळे झालंय, घरचे कोण, यातलं फारसं काही सिनेमा आपल्याला पुरवत नाही. ‘देवराई’त कॅमेरा रुग्णाच्या डोक्यात शिरला होता, इथे तो दाराबाहेर थांबतो. जेवणाचं ताट ठेवलं जातं, तो खातो किंवा खात नाही. गाडी चालवणारा यदू (किशोर कदम) वैतागतो, हा उपटसुंभ कशाला पोसायचा म्हणून कुरकुरतो आणि तरी त्याच्याकडे लक्ष ठेवून असतो. शेजारी आगाशेंचे दत्ताभाऊ कासवांच्या संवर्धनात गुंतलेले आहेत: ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे न बघता समुद्रात परत जाते. पिल्लं तिला कधी दिसत नाहीत. अंडी राखायची, कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायची आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना हातात उचलून पाण्यात न सोडता त्यांच्या पायांनी जाऊ द्यायचं, हे कार्यकर्त्यांचं काम. सिनेमाचा सगळा विचार याच कामात आहे. कुणी तो उलगडून सांगितला नसता तरी चाललं असतं. एक-दोन ठिकाणी सांगितलाय, तेवढं माफ.

‘कासव’ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’नंतरचा हा पाचवा मराठी सिनेमा. पुरस्काराचं ऐकून आलेला प्रेक्षक कधी कधी निराश होतो, कारण त्याला काहीतरी मोठं घडायला हवं असतं. म्हणून म्हणतो, हा पहिल्या दिवशी लावू नका. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुलांचे डोळे या संथपणाला सरावलेले असतात.

दोन्ही सिनेमे लागोपाठ लावणार असाल तर मध्ये तीन तास तरी मोकळे ठेवा. आणि हे लिहितोच: नैराश्याशी झगडणारं कुणीतरी सभागृहात असणार. चर्चेला कॉलेजच्या समुपदेशकांना बोलवा, पण मंचावर बसवू नका. मागच्या रांगेत बसू द्या आणि नंतर थांबायला सांगा.

चौथ्या दिवशी ‘दिठी’, बस्स. हा भाव्यांनी एकटीनं दिग्दर्शित केलेला, आणि तोच शेवटचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात हा सिनेमा सोनी लिव्हवर आला. ‘पालखी’ हे वारीवरचं पुस्तक लिहिणाऱ्या दि. बा. मोकाशींच्या ‘आमोद सुनासी आले’ या कथेवर तो आधारलेला आहे. रामजी लोहार वर्षानुवर्षं वारी करणारा, ज्ञानोबा-तुकोबा तोंडपाठ असलेला. त्याचा तरुण मुलगा पुरात वाहून जातो. आता ते अभंग, ती वारी, तो पांडुरंग यांचं करायचं काय? गावातले वारकरी पोथी घेऊन बसतात, पण कुणाकडे उत्तर नाही. पाऊस थांबत नाही. अशात एक गाय अडते आणि अडलेली गाय सोडवणारा हात गावात रामजीचाच.

रामजी झालेले किशोर कदम गोठ्यात येतात तेव्हापासून नीट बघा. आधी माणूस तिथे नसतोच, नुसतं शरीर आलेलं असतं. मग हात गाईच्या अंगावरून फिरतो, पोटाचा अंदाज घेतो आणि हळूहळू त्या हातांमागून माणूस परत येतो. शोक कुणी समजावून संपत नाही. कामाला लागलेल्या हातांना तो थोडा वेळ बाजूला ठेवता येतो, एवढंच तिथे घडतं. इतकी वर्षं करणाऱ्यांवर सिनेमे केलेल्या बाईनं शेवटच्या सिनेमात स्वतः दुःखात बुडालेल्यालाच करणारा केलं. याच कदमांनी ‘एक कप च्या’त एसटीचा कंडक्टर केला, ‘कासव’मध्ये ड्रायव्हर, इथे लोहार. कवी सौमित्र म्हणून त्यांना ओळखणाऱ्या मुलांना हे सांगा, मजा येते त्यांना.

चार दिवसांत न बसणाऱ्यांपैकी ‘दहावी फ’ (२००२) एखाद्या सकाळी जवळच्या शाळेसाठी वेगळा लावा. गुणांप्रमाणे तुकड्या पाडणाऱ्या शाळेत ‘फ’ला बसलेली मुलं आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा शिक्षक, पोरं उड्या मारतात. ‘एक कप च्या’ (२००९) नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांना आवडतो: प्रामाणिक कंडक्टरला ७३,००० रुपयांचं वीजबिल येतं आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. गोष्ट सरळ आहे, जरा जास्तच सरळ. ‘संहिता’ (२०१३) सिनेमा करणाऱ्या मुलांसाठी. एकच कथा लेखिका, दिग्दर्शिका आणि नट आपापल्या परीनं कशी वाचतात त्याचा तो खेळ आहे, आणि आरती अंकलीकर-टिकेकरांचं राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं गाणं त्यात आहे. ‘हा भारत माझा’ घाईत झालेला वाटतो. ‘वेलकम होम’ (२०१९) मी लावणार नाही. घर सोडून आलेल्या बाईची अवस्था मृणाल कुलकर्णीनं मनापासून केली आहे, पण भोवतालचे सगळे इतके समजूतदार आहेत की प्रश्नाला धारच राहत नाही.

इथेच तो मघाचा तोटा. माणसांना बोलू देण्याच्या सवयीमुळे त्यांची पात्रं कधी कधी आपलं मन इतकं नीट मांडतात, जितकं कुणी खरं माणूस मांडत नाही. वाईट माणूस रंगवणं भाव्यांना फारसं जमलं नाही. प्रत्येकाची बाजू समजून घेता घेता संघर्षातली हवा निघून जाते. चर्चेत मुलांनी हे काढलं तर दाबू नका. श्रद्धांजलीच्या सुरात चार दिवस गेले तर सिनेमे मरतात.

पुढच्या दिग्दर्शकांवरच्या या जोडीच्या प्रभावाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. उमेश कुलकर्णी आणि सचिन कुंडलकर या दोन्ही दिग्दर्शकांनी सुरुवातीला यांच्याकडे सहायक म्हणून काम केलं. त्यांचे सिनेमे भाव्यांच्या सिनेमांसारखे मुळीच नाहीत, आणि ते चांगलंच. त्यांना मिळाली ती काम करायची पद्धत: छोटी तुकडी, नाटकातली माणसं, ओळखीच्या जागा आणि पैशासाठी थांबून न राहणं. ‘अस्तु’, ‘कासव’, ‘दिठी’ यांचं संकलन करणारा मोहित टाकळकर मूळचा नाटक बसवणारा. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीला आणि सिनेमाला जोडणारा जो रस्ता आज वापरात आहे, त्यातला बराचसा भावे–सुकथनकरांच्या येण्या-जाण्यानं पडलेला आहे.

सबटायटलची प्रत मागवाच, मराठी प्रेक्षक असले तरी. ‘अस्तु’तलं कन्नड त्याशिवाय कळणार नाही. कदाचित न कळणंच बरं, असंही कुणी म्हणेल. तो वाद दुसऱ्या दिवशीच्या चहावर होऊ द्या.